दोन दिवस लाटणं दिसणार नाही!

"दोन दिवस तुले लाटणं दिसणार नाई! लेखी देतो!"

खामगावातल्या घरी, फुगलेल्या सुटकेसवर बसून तिची चेन ओढता ओढता मुकेशनं बायकोला हे वचन दिलं. आता, जो माणूस मागितल्याशिवाय लेखी द्यायला निघतो त्याच्यापासून चार हात दूर राहावं, हे जयाला कळायला हवं होतं. पण सुट्टीच्या नावानं भलेभले भुलतात, तिथं जयाची काय कथा!

तिचं मागणं तरी काय होतं? लग्नाला बारा वर्षं झाली, सुट्ट्याही झाल्या. पण प्रत्येक सुट्टी कुणा ना कुणाच्या घरी. नागपूर म्हटलं की तिला थोरल्या नणंदेचा ओटा आठवायचा आणि अमरावती म्हटलं की चुलतसासूबाईंची बुडाला लागणारी कढई. पहिल्या दिवशी पाहुणी, दुसऱ्या दिवशी पदर खोचून पोळ्या! कारण नातेवाईक असलेल्या गावात हॉटेलात उतरणं म्हणजे भर मांडवात त्या घराचं नाक कापणं.

म्हणून या खेपेला वर्धा. दोघांनीही न पाहिलेलं शहर. सेवाग्राम पाहायचं, पवनार पाहायचं, हॉटेलात राहायचं, आयतं खायचं. खोट एकच होती. जयाची मावशी आनंदाबाई अल्लीपूरला दिलेली, आणि अल्लीपूर वर्ध्याहून काही फार लांब नाही.

"मावशीले कळलं तं?" जयानं विचारलं.

"कसं कळन? आपण काय दवंडी पिटून राह्यलो?"

तरी जयानं बंदोबस्त केला. मोबाईलवर फोटो टाकायचे नाहीत. कुणी विचारलं तर गाव सांगायचं नाही, आडनाव सांगायचं नाही आणि कोणाचे कोण हे तर मुळीच सांगायचं नाही. दहा वर्षांच्या लेकीनं, वर्षालीनं, लगेच शपथ घेतली. मुकेशनं नुसती मान डोलावली.

ऑगस्टातली जोडून आलेली सुट्टी. वर्ध्याला उतरले तो पाऊस असा कोसळत होता, जणू कुणी वरून पिंपच उलटं केलं! पण जयाला पावसाचं काय? खोलीत शिरल्याबरोबर तिनं फोन उचलून चहा मागवला. चहा पांचट होता. पण दुसऱ्यानं केलेला, दुसऱ्यानं वर आणलेला, आणि कपसुद्धा दुसराच कुणी विसळणार! पहिल्या घोटाला तिचे डोळे भरून आले. मुकेशला वाटलं, चहा गरम असेल.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण मुकेशला खोलीत दम निघेना. "पैसे देऊन आलो, सेवाग्राम पाहूनच राहू!" ऑटो निघाला, अर्ध्या वाटेत त्याच्या इंजिनात पाणी शिरलं आणि तिघंही एका चहाच्या टपरीच्या ताडपत्रीखाली येऊन उभी राहिली. तिथं आधीच एक छत्रीवाले गृहस्थ उभे होते.

आमच्या वऱ्हाडात दोन माणसं एका आडोशाला आली की पाऊस थांबायच्या आत नातं निघतंच. न निघालं तर दोघांनाही चुकल्यासारखं वाटतं.

"कोण्या गावचे?" गृहस्थांनी विचारलं.

जयानं नवऱ्याला कोपर मारलं. मुकेशनं ओठ घट्ट मिटले. बिचारा घुसमटला, लाल झाला, शेवटी उकळत्या दुधासारखा उतू गेला. "खामगावचे!"

"अरे वा! आडनाव?"

आडनाव गेलं. मागोमाग सासुरवाडी गेली. गृहस्थांचा चेहरा उजळला. "थांबा थांबा! म्हणजे तुम्ही आमच्या अल्लीपूरच्या आनंदाबाईचे भाचजवाई! माह्या घराले लागून घर हाय त्याईचं!" आणि 'अहो, नको!' म्हणायच्या आत त्यांनी फोन लावून मुकेशच्या कानाला टेकवलासुद्धा!

"जवाईबापू? वर्ध्यात? अन् उतरले कुठं?"

मुकेश गडबडला, पण क्षणभरच. "मावशी, तुमच्याकडेच तं निघालो होतो! पण नाल्यावर पाणी हाय म्हणते. मजबुरीनं हॉटेलात राह्यलो."

बारा वर्षांत पहिल्यांदाच जयाला नवऱ्याचा अभिमान वाटला. किती सफाईदार खोटं!

"अवं माय! पोट्टी हॉटेलात? कोण्या हॉटेलात?"

आणि मुकेशनं हॉटेलचं नाव सांगितलं, खोलीचा नंबरही सांगितला. खोटं बोलणाऱ्यानं निदान पत्ता तरी खोटा द्यावा की नाही!

संध्याकाळी हॉटेलच्या दारात एक 'छोटा हत्ती' टेम्पो थांबला. मागच्या हौद्यात ताडपत्रीखाली कणकेचा डबा, तुरीची डाळ, वांगी, लसणाच्या माळा. पुढून रूपराव मावसाजी उतरले, मागोमाग आनंदाबाई. त्यांच्या हातात लाटणं!

"तुमाले येता येत नाई, तं आमीच आलो! हॉटेलातल्या लाटण्याचा काय भरोसा, म्हून घरचंच आणलं."

"अन् नाल्याचं पाणी?" जयानं विचारलं.

"कोणता नाला?" रूपराव म्हणाले. "वाटंतल्या पाण्यात गाडीचे टायरबी धड धुतल्या गेले नाई."

मुकेशला एकदम आठवलं की मावसाजींना तंबाखू-सुपारीचा खर्रा लागतो. तो त्यांना आणि वर्षालीला घेऊन चौकाकडे पसार झाला.

इकडे काउंटरवर संध्याकाळच्या पाळीला नुकताच आलेला मॅनेजर चंदन कपाळाला हात लावून बसला होता. पावसामुळे आचारी आलाच नव्हता आणि वरच्या खोल्यांमधून उपाशी गिऱ्हाईकं फोनवर फोन करत होती.

"यवढंच ना बाप्पा?" आनंदाबाई म्हणाल्या. "सयपाकघर कुठं हाय?"

गुडघे धरलेली मावशी पोळपाटाशी बसणार आणि भाची खुर्चीत बसून पाहणार, असं खामगाव ते अल्लीपूर आजवर घडलेलं नाही. जयानं पदर खोचला. घरी तीन माणसांच्या पोळ्या लाटायची, इथं अख्ख्या हॉटेलच्या! चंदननं हुरूप येऊन दारावर पाटी लावली, 'आज घरगुती जेवण मिळेल'.

मुकेश परतला तेव्हा पाटी वाचून खूश झाला. बायका वर खोलीत गप्पा मारत असतील, असं धरून तो तीन नंबरच्या टेबलावर बसला. पोळ्या द्यायच्या खिडकीतून त्याचा आवाज आत स्पष्ट येत होता.

"मावसाजी, जयाले म्हटलं होतं, दोन दिवस नुसता आराम! शब्द म्हणजे शब्द!"

रूपरावांनी खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला. जया लाटत राहिली. पोळी जरा जाड झाली, पण तिनं तशीच तव्यावर टाकली.

थोड्या वेळानं चंदन संकोचत आत आला.

"ताई, राग नोका मानू. तीन नंबरवाले साहेब म्हणून राह्यले, पोळी जाड हाय. म्हणते, याच्याहून पातळ तं माही बायको घरी करते."

आनंदाबाईंचा हात वांग्याच्या भाजीत थबकला. जयानं शांतपणे पुढचा उंडा पिठात बुडवला.

"त्याईले सांगा," ती म्हणाली, "त्याईची बायको सुट्टीवर गेली हाय."