सिद्धू, उतरलास का रं?

आमच्या शेजारच्या मल्लूकाकांच्या घरी दिवा लावायचा तर आधी एका बाहुल्याला विचारावं लागतं.

बाहुला शाडूचा, बोटाच्या पेराएवढा. दरवर्षी गौरीपुढे काका पुठ्ठ्याचं खेडं मांडतात. कापसाची मेंढरं, आगपेटीची घरं, घराघरात तांदळाएवढा एलईडी. वेशीवर उदबत्तीच्या काडीचा विजेचा खांब आणि त्यावर हा बाहुला, कमरेला लाल दोऱ्याचा पट्टा. काका वीजखात्यातले, सबस्टेशनवर ऑपरेटर होते. आता सगळं खेडं चालतं दोन पेन्सिल सेलवर, पण थाट असा की अख्ख्या सोलापूरचा लोड त्यांच्याच डोक्यावर.

हळदीकुंकवाला बायका जमल्या की काका बटणापाशी उभे राहून घसा साफ करतात. "सिद्धू, उतरलास का रं?" मग बाहुल्याला दोन बोटांनी अलगद खाली घेऊन पारावर बसवतात, पुन्हा एकदा विचारतात आणि मगच बटण दाबतात. "इचारल्याशिवाय लाईट न्हाय!" काकूंनी शेंगाचटणीसाठी मिक्सर लावला तरी बाहेरून आवाज येतो, "इचारलीस का?"

"कुणाला इचारू, शेंगांना?" काकू करवादतात.

मला मुळात धीर कमी. गेल्या वर्षी काका चष्मा शोधायला आत गेले, बायका खोळंबल्या होत्या, म्हणून मीच बटण दाबलं. खेडं झगमगलं. सगळ्याजणी "अगंबाई!" म्हणाल्या.

काका धावत बाहेर आले. "ओ बाई, माणूस वर हाय!" इतक्या जोरात ओरडले की हळदीची वाटी माझ्या हातून पडली. त्यांनी वायर उपटली, बाहुल्याला उचललं आणि मुठीत घेऊन खालीच बसले. मला आधी हसू आलं होतं. त्यांचा चेहरा पाहिला आणि स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी माफी मागायला गेले. काकांनी बाहुला तळहातावर घेऊन दाखवला.

"सिद्धाप्पा. मैंदर्गीचा," मग म्हणाले. "लाईनमन. माझ्या डब्यातलं खायचा रोज. त्या दिवशी फोनावर फोन यायलेते, लाईट सोडा, लाईट सोडा. मला वाटलं, उतरला आसंल."

"मग?"

"वरच हुता की, बाई."

मला रडू आवरलं नाही. काकाच मला पाणी आणायला उठले.

यंदा काकांनी दोनदा हात पुढे केला. बाहुला चिमटीत येईना. "तुमीच घ्या खाली," म्हणाले. मी त्याला पारावर बसवलं, विचारलं, "सिद्धू, उतरलास का रे?"

काकांचं बोट बटणावर होतं, पण ते दाबेनात. "आजून एकदा इचारा की."

मी विचारलं. ते बाहुल्याकडे बघत राहिले, तो आता बोलेल अशा आशेनं. काकूंनी तोंडाला पदर लावलेला.

"उतरला, काका," शेवटी मीच म्हटलं. "मी बघितलं."

तेव्हा कुठं त्यांनी बटण दाबलं.