गजभियेकाकांची अर्धवट भांडणं

गजभियेकाकांना आमची कंपनी भांडायचा पगार देते, असं मला बरेच दिवस वाटायचं.

गुरुग्राममध्ये आम्ही एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची देखभाल करतो. मुलं परदेशात, आईवडील चौदाव्या मजल्यावर. काका त्यांचे केअर मॅनेजर. औषधं बघायची, डॉक्टरकडे न्यायचं, गीझर बिघडला तर माणूस बोलवायचा. एका घरी पाऊण तास ठरलेला; काका अडीच तास लावत. कोणाचा वेळ कुठे जातो याचा तक्ता माझ्याकडे, म्हणून एकदा मीच सोबत गेले.

मल्होत्रा अंकलची औषधं दहा मिनिटांत उरकली. मग काकांनी विषय काढला: चहात आधी आलं की आधी पत्ती? हे भांडण चार महिने चालू होतं. अंकल टेबलावर मूठ आपटून ओरडले, "गजभिये, तुम्हें चाय की तमीज़ नहीं!" अंकल जिंकायच्या बेतात आले, तसे काका उठले. "चलो अंकल, बाकी गुरुवार को."

लिफ्टमध्ये मी वैतागले. "काका, तक्त्यात लिहू काय?"

"लिही, काम अपूर्ण. अगं, भांडण अर्धवट राहिलं की माणूस गुरुवारची वाट बघतो."

अशी अकरा घरांत अकरा भांडणं. पंखा दोनवर की तीनवर, यावरून एका आजींशी अबोला होता. काका नेमाने जाऊन त्यांच्यासमोर तासभर गप्प बसायचे.

शेवटी साहेबांनी फर्मान काढलं: काकांच्या भेटी बंद, यापुढे फोनवर चौकशी. मी ते पत्र टाईप करत होते, तेवढ्यात काकांचाच फोन.

"अँब्युलन्स पाठव! मल्होत्रा अंकल म्हणाले, तुम सही हो."

"मग?"

"अरे बाप्पा, मग काय! त्यांनी माझं ऐकलं! काहीतरी भयंकर झालंय."

मला हसू आलं, पण गाडी पाठवली. अंकलना न्यूमोनिया निघाला. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टर म्हणाले, अगदी वेळेवर आणलंत. साहेबांनी पत्राचा विषय पुन्हा काढला नाही.

संध्याकाळी काका हॉस्पिटलच्या बाकावरच बसून होते. मी म्हटलं, "अंकल बरे आहेत आता. घरी जा."

"जातो गं. घाई काय आहे? बायको गेल्यापासून घरात सगळं माझ्याच म्हणण्याप्रमाणे चालतं."

मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले.

रविवारी मी त्यांना मुद्दाम फोन लावला. म्हटलं, "काका, तुमच्या नागपूरच्या सावजीपेक्षा दिल्लीचं बटर चिकन केव्हाही भारी."

तासभर माझी खरडपट्टी निघाली. मी एकदाही मान्य केलं नाही.