वॉटमागे साठ रुपये

जुईनगरच्या गोवर्धन म्हात्रे यांच्या घरी इलेक्ट्रिक गिटारची मागणी दहावीच्या निकालादिवशी, दुपारी जेवताना, तोंडी प्राप्त झाली. मागणी करणारी व्यक्ती म्हणजे त्यांची कन्या मनस्वी. नव्वद टक्के मिळाले तर गिटार, असं वचन गोवर्धनरावांनी स्वतःच दिलं होतं आणि मिळाले होते ब्याण्णव. त्यामुळे मागणी फेटाळायला वाव नव्हता. ती मंजूर करण्याची मात्र एक पद्धत असते.

गोवर्धनराव तळोज्याच्या एका रंगाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं खरेदी विभागात होते. या काळात त्यांनी पंप, पिंपं, हातमोजे, एकदा तर साहेबांच्या सासऱ्यांसाठी चाकांची खुर्चीसुद्धा घेतली होती, पण तीन कोटेशनांशिवाय टाचणीही घेतली नव्हती. ऑडिटवाले त्यांच्या टेबलापाशी येऊन चहा पिऊन जात. घरात साधी कढई घ्यायची तरी ते तीन दुकानांत भाव विचारत आणि तोवर दमयंतीबाई जुन्याच कढईत भाजी करत.

"लेखी दे," ते मनस्वीला म्हणाले.

मनस्वीने वहीच्या पानावर लिहिलं : 'बाबा, एक इलेक्ट्रिक गिटार आणि एक छोटा ॲम्प. बजेट पंधरा हजार. निकेशदादाच्या हळदीला वाजवायचंय.' निकेश हा तिचा चुलतभाऊ. त्याची हळद तुळशीच्या लग्नानंतर होती, म्हणजे मध्ये चांगले पाच-सहा महिने होते. मनस्वी वर्षभर रुतिका नावाच्या मैत्रिणीकडे, तिच्या साध्या गिटारवर शिकत होती. हळदीला सगळ्या गावासमोर एक गाणं वाजवायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं आणि निकेशदादाने तिचं नाव कार्यक्रमात आधीच घालून टाकलं होतं.

पान तीन शेऱ्यांसह परत आलं. घरात आजोबांची पेटी उपलब्ध असताना नवीन वाद्याची गरज काय? वस्तूच्या देखभालीची जबाबदारी कोणाची? 'छोटा' म्हणजे किती? मनस्वीने 'पेटीवर गिटार वाजत नाही', 'जबाबदारी माझी' आणि 'दहा वॉटचा ॲम्प' अशी उत्तरं लिहून पान पुन्हा सादर केलं. यात जून संपला.

जुलैमध्ये खरेदी समिती स्थापन झाली. अध्यक्ष गोवर्धनराव. वित्त सदस्य दमयंतीबाई. तांत्रिक सदस्य बाहेरचा असावा लागतो, म्हणून दमयंतीबाईंचे धाकटे बंधू बाजीराव यांची नेमणूक करण्यात आली. बाजीराव एपीएमसी मार्केटमध्ये कांद्याच्या गाळ्यांना लाईट फिटिंग करून देत. गिटार इलेक्ट्रिक असल्यामुळे त्यांच्या पात्रतेबद्दल कोणाला शंका नव्हती. मनस्वीला समितीत घेता आलं नाही, कारण तिचा या खरेदीत थेट हितसंबंध होता.

"किती वॉट हाय?" बाजीरावांनी पहिल्याच बैठकीत विचारलं.

"दहा," दारातून मनस्वी म्हणाली. "मामा, बेडरूममध्ये वाजवायचंय. दहा पण खूप होतात."

"दहात तर आमच्याकडं बल्ब पन लागत नाय," बाजीराव म्हणाले. "दाजी, हिला कोनीतरी गंडवलंय. पैसा तेवढाच द्यायचा तर वॉट जास्त घ्या. वॉटमागं किती पडतो, तो भाव काढायचा. मी केबल पन तशीच घेताव, मीटरवर."

गोवर्धनरावांना हे पटलं. त्यांना सगळ्या वस्तू एका आकड्यात बसल्या की फार बरं वाटे. 'प्रति वॉट दर' हा निकष एकमताने मंजूर झाला.

"पोरीला कुठली आवडते, ते इचारायचं का?" दमयंतीबाईंनी विचारलं. हा प्रश्न विषयपत्रिकेत नसल्यामुळे इतिवृत्तात घेण्यात आला नाही.

ऑगस्टमधल्या एका रविवारी समिती मनस्वीलाही सोबत घेऊन वाशीला विपुलच्या दुकानात गेली. विपुलचं दुकान वाद्यांचं. शोकेसमध्ये एक लाल गिटार होती, सोबत तिचा आवाज मोठा करणारा, जेवणाच्या डब्याएवढा ॲम्प. मनस्वीने ती मांडीवर घेतली, दोन-तीन सूर वाजवले आणि मग तेच पुन्हा पुन्हा वाजवत राहिली. बोटं आपोआप जागेवर जात होती. विपुल म्हणाला, "डिस्प्ले पीस आहे साहेब, चौदा हजारात दोन्ही देतो. आत्ता घेऊन जा."

"कोटेशन द्या," गोवर्धनराव म्हणाले. "आणि आम्हाला तीन लागतात."

विपुल पुरवठादारांच्या घराण्यात जन्मला होता. तो हसला. दोन दिवसांनी त्याने एकाच पाकिटातून तीन कोटेशनं पाठवली : एक स्वतःच्या दुकानाचं, एक बायकोच्या नावाच्या फर्मचं, एक मेहुण्याच्या दुकानाचं. यात चुकीचं काही आहे असं गोवर्धनरावांच्या मनातही आलं नाही. कारखान्यात सव्वीस वर्षं असंच चालत आलं होतं. ज्याच्याकडून घ्यायचं तोच तिन्ही आणून देतो, स्वतःचा भाव कमी ठेवतो, आणि फाईल गोड होते. उलट या पोरालाही रीत माहीत आहे, याचं त्यांना कौतुक वाटलं.

फक्त विपुलला 'प्रति वॉट दर' ठाऊक नव्हता.

त्याचं कोटेशन चौदा हजारांचं, दहा वॉटचं. म्हणजे वॉटमागे चौदाशे रुपये. मधलं कोटेशन कोणी कधीच वाचत नाही, म्हणून आपणही सोडून देऊ. तिसरं मेहुण्याचं. हा मेहुणा मंडपांना लाऊडस्पीकर भाड्याने देत असे. हे कोटेशन हरायचंच आहे म्हणून विपुलने त्यात मनात येईल ते लिहिलं होतं : 'सहा तारांची इलेक्ट्रिक गिटार, रंग उपलब्धतेनुसार, अडीचशे वॉटच्या मशीनसह, दोन भोंगे. चौदा हजार नऊशे.' तुलनात्मक तक्ता तयार झाला, तेव्हा वॉटमागे साठ रुपयांच्याही आत भाव आला होता. बाजीरावांनी मांडीवर थाप मारली.

हे कळताच विपुल धावत जुईनगरला आला. "साहेब, ते जिंकायचं नव्हतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ते असंच टाकलं होतं. तुम्हाला माहितीये ना, कसं असतं ते."

गोवर्धनरावांना माहीत होतं. पण ते कबूल करायचं तर सव्वीस वर्षांच्या सगळ्या फायली कपाटातून खाली काढाव्या लागल्या असत्या. "मला काही माहीत नाही," ते शांतपणे म्हणाले. "सर्वात कमी दर ज्याचा, ऑर्डर त्याला." तक्त्यावर तिघांनी सह्या केल्या. दमयंतीबाईंनी न वाचता केली.

मेहुण्याने हयातीत गिटार विकली नव्हती. ती शोधायला त्याला अडीच महिने लागले. माल हळदीच्या चार दिवस आधी आला. दोन भोंगे, कपाटाएवढं मशीन आणि पोपटी रंगाची एक गिटार. तपासणी समितीने तारा मोजल्या. सहा भरल्या. अहवालावर 'माल समाधानकारक' असा शेरा पडला.

"बाबा, ही डावखुऱ्यांची आहे," मनस्वी म्हणाली.

"तारा सहाच आहेत ना?"

"हो, पण उलट्या आहेत. आणि जोडायची वायर पण नाय."

गोवर्धनरावांनी वहीचं पान काढून पाहिलं. उजवी की डावी, मागणीपत्रात नमूद नव्हतं. वायरही नव्हती. वायरीसाठी नवं मागणीपत्र लागेल, ते म्हणाले, पण म्हणताना त्यांचा आवाज उतरला. मनस्वी रडली नाही, भांडली नाही, 'ठीके' म्हणून आत गेली, आणि ते त्यांना फार लागलं. त्यांना लेकीसाठी सगळ्यात चांगली वस्तू घ्यायची होती. सगळ्यात चांगली कशी शोधतात ते त्यांना एकाच पद्धतीने येत होतं. त्यांनी निकेशला फोन करून सांगितलं की मनस्वीचं नाव कार्यक्रमातून काढ.

हळदीच्या संध्याकाळी मंडपात ते भोंगे मात्र लागले होते. बाजीराव त्यांवरून सूचना देत होते : "एमएच त्रेचाळीस, पांढरी गाडी, गेटसमोरून हलवा." आवाज पार नेरुळपर्यंत गेला असावा. गोवर्धनराव मागच्या खुर्चीवर बसून होते. एवढ्यात निकेशने माईक घेतला आणि मनस्वीचं नाव पुकारलं.

ती स्टेजवर आली, तेव्हा तिच्या गळ्यात लाल गिटार होती. शेजारी तो डब्याएवढा ॲम्प. डीजेवाल्याने त्याच्यासमोर माईक धरला आणि तिने हळदीचं गाणं असं काही वाजवलं की वाढप्यांनी बादल्या खाली ठेवल्या. म्हाताऱ्या बायका उठून नाचल्या. पाटावरचा नवरदेव हळदीने भरलेल्या अंगानं उठला, तेव्हा त्याला दोघांनी धरून बसवलं. चष्मा पुसून गोवर्धनराव शेजारी बसलेल्या बायकोकडे वळले.

"कधी घेतली?"

"तुमी सही घेतली ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. माझी भिशी लागली होती. रुतिकाकडं ठेवली, तिथंच वाजवायची."

"कोटेशनं?"

"पोरगी एक हाय," दमयंतीबाई म्हणाल्या. "तिलाच इचारलं."

"मग मला सांगायचं ना."

"तुमचं एवढं छान चाललं होतं. कशाला मोडायचं?"

सोमवारी गोवर्धनराव कामावर गेले. टेबलावर नव्या पंपाची तीन कोटेशनं होती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मधलं वाचलं, मग तिसरं. तिन्हींवर फोन नंबर एकच होता आणि एका ठिकाणी पंपाऐवजी पंखा लिहिलेला होता. लेकीचं गाणं त्यांना आठवलं. मग त्यांनी चहा मागवला आणि सही केली.

हसू नका. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची तीन कोटेशनं तुमच्या सोसायटीच्या सभेत वाचून दाखवली, तेव्हा तुम्हीही हात वर केला होता. तिन्हींवरचं अक्षर एकच होतं. तुम्ही तेव्हा सेक्रेटरींना विचारलं होतं की समोसे कुठून आणले, छान आहेत.