सोना जी एक्सपायर झाले!

"सोमवारी कंपनीच्या बसमधी बसायचं म्हंजी बसायचं! हेल्पर म्हणून लागायचं! लई झालं तुझं ते पिच्चर-पिच्चर!" हनुमानराव बूट घालता घालता ओरडले.

"अन् आज संध्याकाळी पिच्चर हिट झाला तर?" सत्यम पलंगावरनंच खेकसला.

"तर बस कॅन्सल! पण लोकांनी टाळ्या वाजवल्या पायजेत. मी मागं उभा राहून बघणार हाय!"

दार आपटून बाप पहिल्या शिफ्टला वाळूजच्या कंपनीत गेला. सत्यमनं उशी दारावर फेकून मारली.

हे पोरगं म्हंजी दहावीला गणिताचा पेपर अर्ध्यात टाकून घरी आलेलं. डोकं तापल्या तव्यासारखं, पाण्याचा थेंब पडला की चर्रर्र! नजर मात्र घारीची. कोणती मावशी कॅमेरा बघूनच रडायला लागती, हे त्याला लग्नाचं शूटिंग करायला मांडवात शिरल्या शिरल्या कळायचं. म्हणून तर मुकुंदवाडीच्या बद्रीनाथकाकांनी आपल्या बापाच्या, सोनाजीआबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा पिच्चर त्याला दिला. वशिला आशाबाईचा. ती आबांची लेक, बजाजनगरात सत्यमच्याच खालच्या मजल्यावर राहायची.

पिच्चर जवळजवळ झालाच होता. गाणी जोडायची अन् फाईल बाहेर काढायची. "दोन तासांचं काम! आंघोळीच्या आत उरकतो!" सत्यम आईला म्हणला.

त्या दिवशी त्याची आंघोळ झालीच नाय.

एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडायला घेतलं, तर मधीच एक खिडकी टपकली, टुंग! 'सोना सी हॅज एक्सपायर्ड.' ओके दाबलं. दुसरी, टुंग! 'सोना आर हॅज एक्सपायर्ड.' ओके. टुंग! 'सोना जी हॅज एक्सपायर्ड.' ओके, ओके, ओके! अन् मग सगळं सॉफ्टवेअरच गपकन बंद! पुन्हा चालू करा, पुन्हा तीच वरात!

हा सगळा प्रताप त्याच्या मावसभावाचा, कृष्णाचा. त्यानं डीजेची गाणी बनवायला ह्याच कॉम्प्युटरवर सोना नावाच्या कंपनीची फुकट प्लगिनं टाकली होती. प्लगिन म्हंजी आवाजाचा मेकअप. महिनाभर फुकट, मग मुदत संपली की बोंब!

तेवढ्यात दारात कोण? तर साक्षात सोनाजीआबा! मुकुंदवाडीवरनं एकटेच रिक्षानं आलेले.

"बद्रीला सांगू नको बरं का. मला पिच्चर आधी एकट्याला दाव. त्यात आमची गेलेली म्हातारी बी हाय म्हणं. चारचौघांत रडू आलं तर काय इज्जत राहील?"

"आबा, उघडंना झालाय. थांबा जरा."

"थांबतो की. मला कुठं बस पकडायचीय!"

आईनं आबांना मिरचीची भजी दिली अन् ती गिरणीत दळण टाकायला गेली. आबांनी ताटली चाटूनपुसून साफ केली, पलंगावर आडवे झाले, माशा लई म्हणून चादर डोक्यावरनं ओढली. मिनिटात झोप! श्वास घेतात का नाय तेबी कळंना.

सत्यमनं कानाला हेडफोन लावला, मायक्रोफोन तोंडाशी ओढला अन् कॉम्प्युटरवरनंच कृष्णाला कॉल लावला. आवाज? पार चौकापर्यंत!

आशाबाई नेमकी तेव्हाच आबांचे जुने फोटो द्यायला वर आली. दार उघडंच. पलंगावर डोक्यापर्यंत चादर. चादरीखालनं आबांचे पाय, तिच्या ओळखीचे. अन् सत्यम तिच्याकडं पाठ करून बोंबलतोय:

"भाई, सोना जी एक्सपायर झाले! व्हय, सकाळपासनं हेच चालूय! ... आता काय करू म्हणतो? ... बाहेर काढून ठेवू? ... बरं, बाहेर काढतो, अन् मग कायमचंच उडवतो! मला संध्याकाळच्या आत मोकळं व्हायचंय!"

आशाबाईच्या हातातनं फोटो गळाले. तिनं असा हंबरडा फोडला की खालच्या गल्लीतली कुत्री उठून बसली. पण हेडफोनातल्या माणसाला काय ऐकू येणार? ती रडत खाली पळाली अन् तिनं भावाला फोन लावला.

थोड्या वेळानं सत्यमचा मोबाईल थरथरला. बद्रीनाथकाका!

"सत्यम... आबा तुझ्याकडंच हायेत का रे?"

सत्यम चरकला. फुटलं वाटतं बिंग! "हायेत काका. पण माझी काय चूक नाय हां! ते सोताहून आले!"

"तरास... तरास झाला का रे त्यान्ला?"

"कशाचा तरास? पोटभर भजी खाल्ली अन् शांत पडले."

काका मुसमुसले. "भजी खाऊन... नशीबवान माणूस! आम्ही निघालोच. त्यान्ला हलवू नको."

"मी कशाला हलवू? मला माझं काम हाय!"

"अन् आबांचा एक चांगला फोटो बनवून गुरुपवर टाक बाबा. हार घालून."

"दिवा टाकू का बाजूला?"

"टाक."

"खाली काय लिहू?"

"तूच लिही. मला नाय सुचत."

ह्याला वाटलं, वाढदिवसाचाच फोटो! काकांना सर्दी झालेली दिसती. त्यानं मोबाईलवरच फोटो केला. झेंडूचा हार, पेटता दिवा, वरनं गुलाबाच्या पाकळ्या. खाली झोकात लिहिलं, 'आबा, अजून लई पुढं जायचंय! आम्ही बी मागनं येतोच!'

गुरुपवर नुसता हात जोडण्याचा पाऊस! सत्यम खूश. एवढा रिस्पॉन्स तर नवरा-नवरीच्या फोटोला बी येत नाय!

तिकडं मुकुंदवाडीत मांडववाला विचारत होता, "मांडव काढायचा का राहू द्यायचा? दोन्हीला हाच लागतो, फक्त खुर्च्या फिरवाव्या लागत्यात."

तासाभरात बजाजनगरात टेम्पो येऊन थांबला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेले बाप्ये, तोंडाला पदर लावलेल्या बाया. जिना भरला, दार भरलं, पण आत जायची कुणाची हिंमत होईना. आत सत्यम पाठ करून, हेडफोन लावून, कृष्णानं सांगितलं तसं प्लगिनचं अख्खं फोल्डर उचलून डेस्कटॉपवर आणत होता. मग सॉफ्टवेअर चालू केलं. टुंग नाय! खिडकी नाय! पिच्चर उघडला अन् चालू बी झाला!

"गेला! गेला एकदाचा! सुटलो!" सत्यमनं खुर्चीतनं उडी मारली.

"माझा बाप गेला अन् हे नाचतंय!" बद्रीनाथकाका चप्पल काढून आत घुसले.

त्या उडीत हेडफोनची वायर निसटली अन् स्पीकरमधनं आबांचा आवाज घरभर घुमला:

"मी काय एवढ्यात जात नसतो! तुमच्या सगळ्यांचं बघूनच जाईन!"

चप्पल हवेतच थांबली. आशाबाईनं जिन्याचा कठडा धरला. एक मामा तर खाली टेम्पोत जाऊन बसला.

चादर हलली. आबा उठून बसले. "आवाज बारीक कर की रे! माणसाला झोपू बी देत नाय." मग त्यांनी डोळे चोळून गर्दी बघितली. "कोण गेलं रं?"

आशाबाई हुंदका देत म्हणली, "तुम्हीच गेला होता, आबा!"

"अन् मलाच नाय सांगितलं कुणी?"

बद्रीनाथकाकांनी बापाच्या मांडीवर डोकं ठेवलं अन् लहान पोरावानी रडले. सत्यमनं कृष्णाला पाठवायला मोबाईलमधी काढलेला त्या खिडकीचा फोटो दाखवला. 'सोना जी.' काकांनी दोनदा वाचला. "लिहिलं तर बरोबर हाय की!"

"कंपूटर म्हणतं म्हणून मी मरायचं व्हय?" आबा म्हणले. जिन्यावरची माणसं हसता हसता रडायला लागली.

एवढ्यात शिफ्ट सुटून हनुमानराव आले. दारात टेम्पो, जिन्यावर टॉवेलवाले. मनात आलं, सकाळी पोराला बोललो, पोरानं काय करून घेतलं का? गर्दी फाडत वर आले, सत्यमला बघितलं अन् छातीशी असं आवळलं की पोराला श्वास घेता येईना. मग धडधाकट हाय ही खात्री झाल्यावर एक कानाखाली ठेवून दिली.

"ही कशाबद्दल?" सत्यम भडकला.

"जिवंत हायेस त्याबद्दल!"

संध्याकाळी मांडवात पिच्चर लागला. खुर्च्या वाढदिवसाच्याच तोंडानं होत्या. आवाजाचा मेकअप उतरलेला, मागं पंख्याची घरघर ऐकू येत होती, पण कुणाला काय पडलंय! म्हातारी पडद्यावर आली तेव्हा आबा चारचौघांत खुशाल रडले अन् इज्जत बी गेली नाय. टाळ्या अशा वाजल्या की बाजूच्या गोठ्यातली म्हैस सुटली.

पण खरा घोळ त्यानंतर झाला. आबांच्या वयाचे सगळे म्हातारे सत्यमभोवती जमले. पिच्चरचं कुणी नाव काढंना!

"पोरा, तो हारवाला फोटो आमचा बी करून दे. मेल्यावर आमची पोरं आधार कार्डावरचा लावत्यात!"

"माझ्या हाराला शेवंती घाल. झेंडू नको."

"मला हसताना दाव. भाऊबंदांना जळू दे."

हनुमानराव मागं उभे राहून बघत होते. पुढं आले, कान खाजवला. "सोमवारची बस राहू दे. धंदा चांगला हाय. गिऱ्हाईक तर कधी ना कधी सगळीच येणार!"

बरं, उठतो मी, जायला पायजे. आमचा आजा बी त्याच लायनीत उभा हाय, अन् फोटोच्या आधी दाढी करायची म्हणून मघापासनं माझ्या नावानं बोंबलतोय.