तीन युद्धनौका आणि एक होडी

युद्धनौकेच्या नांगराचे वजन सव्वा टन.

शहाडजवळ उल्हास नदीला वैशाखात गुडघाभर पाणी.

समितीच्या चिवड्यात काजू (अध्यक्षांच्या बशीत).

थोर माणसाचा गौरव त्याच्यापासून जितका लांब करावा, तितका तो टिकतो.

१९५३ साली कल्याणच्या गौरव समितीने ठराव केला, की कातकऱ्यांचा पुढारी गुणाजी याचे नाव एका युद्धनौकेला द्यावे. मंजुरी आली. (गुणाजीला कळवण्याची तरतूद नव्हती. तो आपल्या होडीतून मासे धरत होता.)

अडचण एकच निघाली. जलवाहनांचा नियम चार : होडीवर मालकाचे नाव रंगवलेले हवे. नियम पाच : एका नावाची दोन जलवाहने नसावीत. युद्धनौका सतराशे टनांची, होडी तीन माणसांची, आणि दोन्ही ‘गुणाजी’. समितीने मोठ्या मनाने युद्धनौका ठेवली.

“होडी बंद?” गुणाजीने विचारले. “मंग खायाचं काय, सायेब?”

“अरे, तू आता समुद्रावर आहेस,” अध्यक्ष हरिहरराव म्हणाले. “खाण्याचं काय घेऊन बसलास?”

गुणाजीने होडी बायकोच्या नावावर केली आणि तिच्यावर ‘सगुणा’ रंगवले. एक स्त्री संसारासाठी पुढे आली हे पाहून समिती गहिवरली. दुसरी युद्धनौका ‘सगुणा’ झाली. होडी काठावर आली.

मग जावई रघू. तिसरी युद्धनौका. होडी पुन्हा काठावर. (रघूने आयुष्यात काहीच केलेले नव्हते. समितीने ते ‘मूक कार्य’ या सदरात घातले.)

घरात चार दिवस चूल थंड होती. पाचव्या दिवशी सगुणा म्हणाली, “ज्याचा नाव कुनी जहाजाला देनार नाय, त्याचा लिवा.”

तिघांनी फार विचार केला नाही. होडीवर ‘हरिहर’ रंगवले.

या नावाच्या युद्धनौकेची मागणी कोठूनही आली नाही. होडी पाण्यात उतरली. नियम चारप्रमाणे ती आता हरिहररावांची होती, आणि त्यांनी हा भार विनातक्रार स्वीकारला. वल्हवायला गुणाजीलाच ठेवले. मोठी मासळी अध्यक्षांकडे जाते, काट्यांची गुणाजीकडे.

इथवर येताना आपण दोन-तीनदा हसला असाल. इतिवृत्तात ते ‘उपस्थितांचा पाठिंबा’ म्हणून घेतले आहे.

१९३० साली गुणाजीला दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, ती नदी कुणा एकाची नसते असे इनामदाराला तोंडावर सांगितल्याबद्दल.