शालिग्रामजींचा सिरका

"हा नाही. हा बी नाही. हा तर मुकाच आहे," असं म्हणत शालिग्रामजी वैरागडे यांनी आणखी एक शहाळं ठेल्यावर आदळलं आणि दुसरं उचलून कानाशी धरलं. मग डोळे मिटून ते खळखळा हलवलं. शंकर नगरच्या चौकात येणारेजाणारे थांबून बघायला लागले. त्यांच्या पत्नी इंदूबाई पिशवी छातीशी धरून, आपण या गृहस्थांच्या सोबत आलेलोच नाही अशा चेहऱ्याने, दोन पावलं लांब जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, लोकं पाहून राहिले. घ्या ना कोणतंबी."

"कोणतंबी? इंदू, सिरका काही कोणत्याबी पाण्याचा होत नसते. पाणी ताजं पाहिजे. आणि ते ओळखाले माणसाले कान पाहिजे, कान!"

शालिग्रामजींना कान होते यात शंका नाही, पण ते दुसऱ्या कुणाचं ऐकण्यासाठी त्यांनी कधी वापरले नव्हते. पाटबंधारे खात्यात ते कार्यालय अधीक्षक होते. हाताखालच्या एकदोघांनी त्यांना त्यांची चूक दाखवायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या एकदोघांची बदली बस्तरला झाली. पुढे वेगळं राज्य झालं, रायपूर राजधानी झालं, घरासमोरून लाल दिव्याच्या गाड्या जायला लागल्या आणि मग तर शालिग्रामजींना वाटायला लागलं की हे सगळं थोडंफार आपल्यामुळेच चाललं आहे. असा माणूस निवृत्त झाला की घरच्यांचे हाल होतात. इंदूबाईंचे चालूच होते.

यंदाच्या उन्हाळ्यात त्यांनी रविवारच्या पुरवणीत नारळाच्या पाण्याच्या सिरक्यावर, म्हणजे घरगुती व्हिनेगरवर, एक लेख वाचला. रोज चमचाभर घेतला की साखर ताब्यात राहते, असं त्यात लिहिलं होतं. दुकानातला सिरका म्हणजे निव्वळ तेजाब, असं शालिग्रामजींनी त्याच दिवशी जाहीर केलं आणि घरी सिरका घालायचा निश्चय केला. लेखात पहिलीच अट होती ती ताज्या पाण्याची.

आता वऱ्हाडी माणसाचा नारळाशी संबंध येतो तो देवापुरता. पूजेचा नारळ घेताना तो कानाशी हलवायचा, आत पाणी वाजलं की घ्यायचा, नाही वाजलं की परत करायचा, हे शालिग्रामजींच्या वडिलांनी त्यांना शिकवलं होतं आणि तेवढ्या भांडवलावर ते शहाळी निवडत होते. ताजं शहाळं तोंडापर्यंत भरलेलं असतं, त्यामुळे ते वाजतच नाही. दक्षिणेतून ट्रकमध्ये घालून आणलेलं, भनपुरीच्या ट्रकतळावर उन्हात पडून राहिलेलं आणि आतलं पाणी आटत चाललेलं शहाळं मात्र खुळखुळ्यासारखं वाजतं. म्हणजे शालिग्रामजी ठेल्यावरचा सगळ्यात जुना माल एकेक करून वेचून काढत होते. ठेलेवाला मोठा चलाख होता. त्याने दोन दिवस हा प्रकार बघितला आणि तिसऱ्या दिवशी आपणहून हाक मारली, "आइए साहब, आपके लिए बजनेवाला माल अलग रखा हूँ!"

"पाहिलं?" शालिग्रामजी इंदूबाईंना म्हणाले. "पारखी माणसाले बजार ओळखते."

घरी आल्यावर इंदूबाईंच्या लोणच्याच्या बरण्या रिकाम्या झाल्या. पाणी चाखून बघितलं तर ते सपक आणि जरासं आंबूस लागलं. "साखर कमी आहे," असा निर्णय झाला आणि डब्यातली साखर बरण्यांत गेली. वर थोडं यीस्टही गेलं. बरणीच्या तोंडाला नुसतं फडकं बांधा, सिरक्याला हवा लागते, असं लेखात स्पष्ट लिहिलं होतं. शालिग्रामजींनी ते मोठ्याने वाचलं आणि हसले.

"म्हणजे चिलटं पडू द्यायची? या पेपरवाल्याले काय कळते!" आणि त्यांनी झाकणं गच्च आवळून वरून मेणकापड बांधलं. बरण्या बैठकीच्या शेजारच्या खोलीत, दुपारभर ऊन खाणाऱ्या भिंतीला टेकून ओळीने बसल्या. बोरे-बासी खाणाऱ्या शेजाऱ्यांना, रात्रीचा भात पाण्यात आंबवून खाता म्हणून, जो माणूस वर्षानुवर्षं नावं ठेवत आला होता, तो आता आंबायला ठेवलेल्या पाण्यावर सकाळ-संध्याकाळ पहारा देऊ लागला.

इंदूबाईंना सिरक्याचं काही पडलं नव्हतं. त्यांचा जीव देवश्रीच्या लग्नात अडकला होता. मुलीने स्वतःच मुलगा पसंत केला होता. अभिनव खापरे, उरल्याच्या एका रोलिंग मिलमध्ये इंजिनियर, स्वभावाने गरीब, आपल्यातलाच, नागपूरकडचा. इंदूबाईंना त्यात काडीइतकं वावगं दिसत नव्हतं. पण मुलाचे वडील यशवंतराव आबकारी खात्यात इन्स्पेक्टर होते, आणि तिथेच शालिग्रामजींचं घोडं अडलं होतं.

"दारूवाल्याच्या घरी मी पोट्टी देत नाही."

"अहो, ते दारू पकडतात. विकत नाहीत."

"पकडते म्हणजे हुंगते. हुंगते म्हणजे पिते. आमच्या सात पिढ्यांत कोणी थेंबाले शिवलं नाही, समजलं?"

"पापा, अंकल तो चाय भी नहीं पीते," देवश्री म्हणाली. तिला मराठी सगळं कळायचं, पण भांडायचं झालं की ती हिंदीतच भांडायची.

"चहा पीत नाही म्हणजे नक्कीच दुसरं काही पीत असते!"

महिनाभर रडारड चालली होती. देवश्रीने जेवण टाकलं. शेवटी इंदूबाईंनी, तुम्ही नुसतं त्यांना येऊ द्या, माणूस डोळ्यांनी बघा आणि मग काय ते म्हणा, असं म्हणत रविवारची दुपार कशीबशी कबूल करून घेतली. ही दुपार फुकट गेली तर पोरगी आयुष्यभर आपल्याशी बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

रविवारी सकाळी त्या बरण्यांच्या खोलीत गेल्या तर त्यांच्या नाकाला एक ओळखीचा वास आला. लहानपणी गोंदियाकडे मामांच्या गावी मोहाची भट्टी लागायची, तसा.

"अहो, हा वास कायचा येऊन राहिला? सिरक्याचा असा नसते."

"तुले सिरक्याचं काय कळते? आंबट व्हायले वेळ लागते. मी पाहून राहिलो ना!"

शालिग्रामजी बघत होते म्हणजे चाखत होते. प्रत्येक बरणीतून वाटीभर काढायचं, जिभेवर घोळवायचं, "अजून आंबट नाही झालं" असं म्हणायचं, गिळायचं आणि झाकण पुन्हा गच्च आवळायचं. पाहुण्यांसमोर आपला सिरका मांडावा, या हलक्या लोकांना चांगल्या घरात काय बनतं ते कळू द्यावं, असा त्यांचा बेत होता. त्यामुळे त्या दिवशी तपासणी फारच कसून झाली. जेवणाआधी एकदा सगळ्या बरण्या झाल्या. जेवणानंतर शंका आली म्हणून पुन्हा झाल्या. इंदूबाई कचोऱ्या तळण्यात गुंतल्या होत्या. नवऱ्याचं गुणगुणणं त्यांच्या कानावर आलं तेव्हा त्यांना उलट बरंच वाटलं. हा माणूस गेल्या कित्येक वर्षांत गुणगुणला नव्हता.

चारला खापरे मंडळी आली. यशवंतराव उंच, शिडशिडीत, मितभाषी. त्यांच्या पत्नी कुसुमताई ठसठशीत, बारीक नजरेच्या. अभिनव घाबरलेला. शालिग्रामजी उठले, खुर्चीचा हात धरून जरा थांबले आणि एकदम दोन्ही हात पसरून यशवंतरावांच्या गळ्यातच पडले.

"या व्याही! या! केवढा उशीर केला! पोट्टी तुमचीच आहे, घेऊन जा!"

देवश्री पाण्याचा ट्रे घेऊन पुढे आली. इंदूबाई झारा हातात घेऊनच स्वयंपाकघराच्या दारात आल्या. महिनाभर ज्या होकारासाठी डोकं फोडलं, तो दारातच मिळाला होता. क्षणभर त्यांना देवच पावल्यासारखं वाटलं. पण मग त्यांनी नवऱ्याचे लालबुंद डोळे बघितले, आणि नवऱ्याच्या खांद्यावर असलेलं यशवंतरावांचं नाकही बघितलं. ते नाक हळूहळू रुंद होत होतं. तीस वर्षांच्या नोकरीत घासून तयार झालेलं नाक होतं ते.

नेमकं त्याच वेळी शेजारच्या खोलीत ठो झालं. एका बरणीचं झाकण मेणकापडासकट छताला जाऊन लागलं आणि आतला फेस दाराखालून बैठकीत शिरला. त्यासोबत वासही आला. कुसुमताईंनी पदर नाकाला लावला. यशवंतराव मिठीतून सुटले, कुणाची परवानगी न घेता खोलीत गेले, एकेका बरणीवर वाकले आणि बाहेर आले. ते जेव्हा बोलले तेव्हा ते पाहुणे राहिले नव्हते.

"कधी घातलं हे?"

"मागच्या हप्त्यात. सिरका आहे, शुद्ध! घेता का वाटीभर?"

"साखर टाकली? यीस्टही?"

"भरपूर! आपल्याकडे कंजुसी नसते."

"नारळ ताजे होते?"

"एकेक वाजवून घेतला!" शालिग्रामजींनी छाती ठोकली आणि त्या धक्क्याने ते सोफ्यावर बसले.

"वाजत होते म्हणजे शिळे होते," यशवंतराव शांतपणे म्हणाले. "पाणी आधीच आंबलेलं. त्यात साखर टाकली, यीस्ट टाकलं आणि झाकण ठोकून उन्हात ठेवलं. हवा लागली असती तर पुढेमागे सिरका झाला असता. ही दारू आहे, शालिग्रामजी. बरी जमली आहे."

"दारू? माह्या घरी?" शालिग्रामजी उभे राहायला गेले, पण ते जमलं नाही. "ओ साहेब, मी जन्मात थेंबाले शिवलो नाही!"

"सगळे असंच म्हणतात. आजवर मी पकडलेल्यांपैकी एकही जण 'हो, पितो' म्हणाला नाही. आज रविवार आहे, मी सुट्टीवर आहे. हे सगळं आत्ताच्या आत्ता मोरीत ओता."

कुसुमताईंनी पर्स उचलली. "पोट्टी चांगली आहे हो, इंदूताई. पण बाप पिणारा, आणि वरून घरात गाळणारा? आमच्या घरी हे चालत नाही. माह्या माहेरी याच पायी वाटोळं झालं आहे. चल अभिनव." अभिनव देवश्रीकडे बघत उलटा चालत निघाला आणि दाराच्या कडीवर आपटला.

त्या संध्याकाळी देवश्रीने दार लावून घेतलं. इंदूबाईंनी बरण्या मोरीत ओतल्या. शालिग्रामजी घोरत होते, आणि त्या घोरण्याचा इंदूबाईंना इतका संताप आला की शेवटची बरणी त्यांच्या अंगावर रिकामी करावी असं त्यांना मनापासून वाटलं.

सकाळी शालिग्रामजी ठणकतं डोकं घेऊन उठले. सगळं आठवल्यावर त्यांना एकाच गोष्टीचं वाईट वाटलं. कुणीतरी त्यांना नाकारलं होतं.

"ते? मले? दारूवाले मले नाही म्हणतात? चल, आत्ता जाऊन समजावतो. शास्त्र आहे हे, त्यायले माहीत नाही."

इंदूबाई गेल्या. पोरीसाठी त्या कुठेही गेल्या असत्या. खापऱ्यांच्या बैठकीत शालिग्रामजींनी तासभर शास्त्र समजावलं. कुसुमताईंनी ते ऐकलं आणि मग एवढंच म्हणाल्या, "देवश्री आमाले पसंत आहे. अभिनवनेबी काल जेवण टाकलं. तर एकच गोष्ट करा. देवापुढे उभे राहा, दारू सोडतो म्हणा आणि गळ्यात माळ घाला. आजच बोलणी पक्की करते."

तुळशीची माळ म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आपल्याकडे पिणारा सुधारला की माळ घालतो, आणि ती गळ्यात दिसली की लोक समजतात काय समजायचं ते.

"सोडतो?" शालिग्रामजी किंचाळले. "जी कधी धरलीच नाही ती सोडू कशी? इंदू! सांग ना तू यायले! तू तर माह्यासोबत संसार केला. मी कधी प्यायलो का? सांग!"

सगळे इंदूबाईंकडे बघायला लागले. त्यांना खरं काय ते माहीत होतं. त्यांनी खरं सांगितलं असतं तर नवऱ्याच्या अब्रूवरचा डाग धुऊन निघाला असता; मग नवरा ताठ झाला असता, आपण बरोबर होतो हे त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं असतं आणि संध्याकाळपर्यंत, दारूवाल्याच्या घरी पोट्टी देत नाही, हेही आलंच असतं. इंदूबाईंना हा सगळा प्रवास पाठ होता. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

"सोडतील ते, कुसुमताई," त्या खाली मान घालून म्हणाल्या. "घाला माळ. मी लक्ष ठेवीन."

शालिग्रामजी बायकोकडे वळेपर्यंत कुसुमताईंनी देवघरातली माळ आणून त्यांच्या हातात ठेवलीसुद्धा. यशवंतरावांनी शालिग्रामजींच्या पाठीवर हात ठेवला आणि, पहिले दिवस जड जातात, चिडचिड होते, असं समजुतीच्या सुरात सांगितलं.

साखरपुडा जूनमध्ये झाला. शालिग्रामजी नव्या झब्ब्यात, गळ्यात माळ घालून पंगतीला बसले होते. अर्धं शंकर नगर त्यांना येऊन भेटून गेलं. मराठी मंडळातले श्यामराव तर जेवता जेवता गहिवरले.

"हिंमत लागते बाप्पा," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत आमाले पत्ताबी लागू दिला नाही तुमी. किती जुनी होती सवय?"

शालिग्रामजींनी घास खाली ठेवला, पण इंदूबाई जिलबीचं ताट घेऊन तिथेच उभ्या होत्या.

"लग्नाच्या आधीपासूनची," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याच्या पानात जिलबी वाढून पुढे गेल्या.