न्हाणीघरात मुरलेलं सोनं

या, जरा जवळ सरकून बसा. गोष्ट सोन्याची आहे. लांबून ऐकाल तर पितळेची वाटेल.

एक जावई होता, सोन्याच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ. तिथली रीत अशी, की सोनं असलेल्या मातीचा ढीग रचायचा, वरून सायनाइडचं पाणी सोडायचं. ते मुरत मुरत उतरताना सोनं विरघळवून खाली आणतं. पण यांची माती पडली चिकण. पाणी ढिगावरच तळं करून बसलं, खाली थेंब नाही. मालकांनी बजावलं, रविवारी तुमच्या घरी चहाला येतो. या मातीतून पाणी उतरतं असं दाखवा, नाहीतर कारखान्याला टाळं. आणि टाळं लागलं की जावयाने सासऱ्यांच्या छत्र्यांच्या दुकानात बसायचं, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. राहायचं त्यांच्याच घरात, मग नाही कोणत्या तोंडाने म्हणणार?

उपाय जावयाला ठाऊक होता. मातीत सिमेंट कालवून गोळ्या वळायच्या, त्या मुरू द्यायच्या, की गोळ्यांमधल्या फटींतून पाणी वाट काढतं. कारखान्यात गोळ्या वळायचं यंत्र नव्हतं. घरी मात्र वरच्या मजल्यावर मेहुण्याचं न्हाणीघर बांधलं जात होतं आणि अंगणात गवंड्याचा मिक्सर उभा होता. याने सायनाइडचा थेंबही न लागलेली कोरी माती आणली, तशी बायकोपाशी शपथ घेतली, मिक्सर फिरवला आणि मोत्यांसारख्या गोळ्या त्यातच झाकून ठेवल्या.

सकाळी गवंडी आला. आयता कालवलेला माल बघून त्याने देवाला हात जोडले, सगळा न्हाणीघरात पसरला आणि वर फरश्या बसवल्या.

रविवारी मालक आले. जावयापाशी दाखवायला चिमूटभर मातीही उरली नव्हती. सासऱ्यांनी हळूच सांगितलं, “जावईबापू, दुकानातली खुर्ची पुसून ठेवलीय.”

तेवढ्यात मालकांच्या टकलावर टपकन थेंब पडला. मग दुसरा. वर मेहुण्याने नव्या न्हाणीघरात पहिली आंघोळ मांडली होती. सासरे ओशाळून टॉवेल शोधू लागले. जावई मात्र छताकडे बघतच राहिला. हत्यारं न्यायला आलेला गवंडी दारातच उभा होता.

“दादा, फरशीखाली काय भरलंत?”

“तुमचाच माल की, साहेब. वाया कशाला घालवायचा?”

“कारखान्याचीच माती आहे ती!” जावई ओरडला, तसे मालक टॉवेलासाठी थांबले नाहीत. साबणाने माखलेल्या मेहुण्याला बाहेर काढून त्यांनी स्वतः बादली ओतली. पाणी गडप. दुसरी ओतली, तीही गडप. खालून तेवढी सासऱ्यांची हाक आली.

“यंत्र मागवा,” मालक जावयाला म्हणाले. “आणि हे न्हाणीघर कुणी उकरायचं नाही. माझ्या भागीदारांना दाखवायचंय.”

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात, ते असं. कारखाना चालला, ढिगातून पाणी उतरलं, सोनंही आलं. तेव्हा आज देवापुढे हात जोडाल तेव्हा जावयाचं राहू द्या, त्याचं झालं भलं. आठवण काढा ती सासऱ्यांची. वर कुणी आंघोळीला गेलं, की ते अजून आपल्याच दुकानातली छत्री उघडून चहा पितात.